पंधरा वर्षांची होंडा सिटी: सस्पेन्शन आणि चाकांचा एक प्रकरण अभ्यास

गाडी होंडा सिटी, २०१० ची, दीड लिटर पेट्रोल, हाताचे गिअर. त्या वेळचं खालचं मॉडेल, म्हणजे लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकची व्हील कॅप. नंबर एमएच-१२. रीडिंग १ लाख ३० हजारांच्या पुढे. पहिल्या दिवसापासून एकाच घरात आहे. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका, राहायला पुण्यात धायरीला, गाव वाईजवळ. रोजचं फिरणं सिंहगड रस्ता, स्वारगेट, मंडई. आणि सणावाराला सगळं घर भरून खंबाटकी घाटातून गावी. इंजिनाबद्दल एकही तक्रार नव्हती. आरसीची १५ वर्षं भरत आली होती. पुढच्या ५ वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवायची होती, त्यामुळे घरात प्रश्न उभा राहिला की हिच्यावर आता किती आणि कशावर खर्च करायचा.

काकांची तक्रार तीन वाक्यांची होती. ड्रेनेजच्या खाली गेलेल्या झाकणांवरून गेलं की पुढून खडखड होते. मागे तिघं बसले की सोसायटीच्या गतिरोधकाला पोट घासतं. आणि हायवेला ९० च्या पुढे गाडी हातात राहत नाही, लहरते. काकूंना मणक्याचा जुना त्रास. गावी पोहोचल्यावर दुसरा दिवस अंथरुणात जातो, असं त्यांनी सांगितलं. मुलगा आयटीत आहे, गाडी त्याची लहानपणापासूनची लाडकी. त्याने एका दुकानातून यादी करून आणली होती: १७ इंची अलॉय, २०५/४५ टायर आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग. आकडा लाखाला टेकत होता.

मुलाचं निदान पोरकट अजिबात नव्हतं. गाडी वळणावर झुकते आणि सरळ रस्त्यावर डुलते हे त्याने बरोबर ओळखलं होतं. गाडी खाली आली, स्प्रिंग कडक झाले, टायर रुंद झाले की ती रस्त्याला धरून राहील, हा त्याचा तर्क नव्या गाडीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खराही ठरला असता. पण पंधरा वर्षांच्या गाडीत आधी हे पाहावं लागतं की ती झुकते ती मूळच्या रचनेमुळे की झिजेमुळे. हा भेद केल्याशिवाय घेतलेला प्रत्येक सुटा भाग जुन्या झिजेवरच जाऊन बसतो.

गाडी लिफ्टवर

पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप (उसळी जिरवणारा तेलाचा दांडा) एकाच खांबात. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पिळवटू शकणारी आडवी तुळई. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. रचना साधी, म्हणून तपासायलाही सोपी.

पुढचा डावा स्ट्रट तेलाने ओला होता, त्यावर धुळीचा थर बसून काळी खपली झालेली. उजवा कोरडा. कोरडा म्हणजे चांगला असं बहुतेकजण समजतात. पण गॅस भरलेल्या शॉकअपचा दांडा आत दाबून सोडला तर तो आपणहून हळूहळू बाहेर यायला हवा. हा दाबला तिथेच राहिला. आतला गॅस केव्हाच गेलेला. तेलात हवेचे बुडबुडे मिसळले की झडपांमधून तेलाऐवजी फेस फिरतो आणि दांड्याला अडवणारं काही उरत नाही. स्ट्रट वर जिथे गाडीला जोडला जातो त्या माउंटचं रबर चिरलेलं, त्यातलं बेअरिंग हाताने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं लागत होतं. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा मागचा बुश (सांध्यातलं रबर) अर्धा फाटलेला. गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला जोडणाऱ्या दोन्ही लिंक रॉडचे बॉल ढिले. झाकणांवरची खडखड त्यांचीच. स्ट्रट पूर्ण दबला तर शेवटी झेलणाऱ्या रबराचा, बंप स्टॉपचा, तर भुगा झाला होता.

मागे पाहिल्यावर पोट घासण्याच्या तक्रारीचा जुना इतिहास कळला. तीनेक वर्षांपूर्वी हीच तक्रार घेऊन काका दुसऱ्या एका गॅरेजात गेले होते. तिथे मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर अडकवून दिले होते. दोन हजारांच्या आत काम, गाडी लगेच उचललेली दिसते, गिऱ्हाईक खूश. पुण्यात अर्ध्या जुन्या सेडानमध्ये हे बफर सापडतील. माझं त्याबद्दलचं मत पक्कं आहे: बसवूच नयेत. बफर जिथे बसतो ते वेढे हलायचे थांबतात, म्हणजे तेवढा स्प्रिंग कामातून जातो. उरलेल्या वेढ्यांवर सगळा ताण येतो आणि स्प्रिंग एकंदर कडक होतो. कडक स्प्रिंग दाबला गेला की तितक्याच जोराने परत उसळतो, आणि ती उसळी जिरवायची शॉकअपने. इथले शॉकअप आधीच मेलेले. काकूंची पाठ मागच्या सीटवर बसून हीच उसळी सोसत होती. बफर काढल्यावर एका स्प्रिंगवर रबराखाली गंज धरून खड्डे पडलेले दिसले. तिथूनच तो कधीतरी तुटला असता.

टायर २०१६ चे. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी अजून १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेच्या वर होती, म्हणून काकांना ते बदलावेसे वाटले नव्हते. पण हात फिरवला की ठरावीक अंतरावर चढ-उतार लागत होते. चाक रस्त्यावर टेकून न राहता नाचत राहिलं की असे खळगे पडतात. शॉकअप गेल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. रबरही वाळून नखाने दाबलं जात नव्हतं. डिकीतली स्टेपनी गाडीबरोबर आलेली, २०१० चीच, एकदाही रस्त्याला न लागलेली.

कंपन, पाठ आणि टायरची भिंत

मुलाबरोबर इथे बराच वेळ बसलो, कारण त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

स्प्रिंग धक्का साठवतो आणि परत देतो. शॉकअप तो खातो, त्याची उष्णता करून हवेत सोडतो. प्रवासी गाडीचं शरीर स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा खालीवर होईल असं ठेवलेलं असतं. माणसाला ही लय चालण्याच्या लयीजवळची, म्हणून सोसते. उलट उभ्या दिशेच्या कंपनांना माणसाचं शरीर साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात फार हळवं असतं. पाठीचा कणा आणि पोट तिथे जास्त हलतं. स्प्रिंग कडक करत गेलं, टायरची भिंत आखूड केली, की रस्त्याचे छोटे छोटे धक्के न गाळता वर येतात आणि त्यांतले बरेच याच पट्ट्यात पडतात. मणक्याचं दुखणं असलेलं माणूस मागच्या सीटवर असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी येतो.

आता टायरचे आकडे. मूळ साइज १७५/६५ आर१५, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर आणि रिम १५ इंची. भिंतीची उंची १७५ च्या ६५ टक्के, म्हणजे जवळजवळ ११४ मिलिमीटर. एकूण व्यास ६०८.५. मुलाने आणलेला २०५/४५ आर१७ व्यासाने ६१६, म्हणजे फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, स्पीडोमीटरच्या दृष्टीने काही बिघडत नाही. पण भिंत ९२ मिलिमीटर. खड्ड्याची धार आणि रिमचा काठ यांच्यातलं २२ मिलिमीटर रबर आणि हवा गेली. टायरची भिंत हा सस्पेन्शनचा पहिला स्प्रिंग आहे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तोच सगळ्यांत जास्त राबतो. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. अशा खड्ड्यात आखूड भिंतीचा टायर चिमटला की आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो आणि रिमचा काठ वाकतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो.

१६ इंचाचा मधला मार्गही निघाला. १८५/५५ आर१६ चा व्यास ६१० च्या आत, मूळच्या अगदी जवळ, आणि भिंत १०२. पाहायला बरं, त्रास कमी. १९५/६० आर१५ ही तर या सिटीच्या मालकांची आवडती साइज. भिंत ११७, व्यास ६१५. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात मला खोट काढता येत नाही. पण इथे गाडी आरटीओसमोर जायची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. एका टायरच्या साइजवरून कोणी गाडी अडवेलच असं नाही. तरी नूतनीकरण आणि विमा दोन्ही तोंडावर असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे छापलंय तेच चाकात असावं, असा सल्ला मी दिला आणि पुन्हा तीच वेळ आली तर तोच देईन.

गाडी खाली आणण्याचं काय

या सिटीचा तळ रिकाम्या गाडीला जमिनीपासून १६० मिलिमीटर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, १७ मीटर त्रिज्येचा. सिटीचा व्हीलबेस २.५५ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकावर गाडीची चारही चाकं एकदम चढलेली असतात आणि तेव्हा मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम ५ सेंटीमीटर वर येतो. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाला कुठलीही साधी सेडान घासणार नाही, भरलेली असली तरी. घासते ती सोसायटीच्या दारातल्या अर्धा मीटर रुंदीच्या, उभ्या, हौशी गतिरोधकाला. तिथे पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि उंचवटा पूर्ण पोटाखाली. तो सोसायटीच्या बैठकीत कापून घेता येतो. काकांनी विषय मांडायचं कबूल केलं.

पाच माणसं आणि सामान घेतल्यावर गाडी आधीच खाली बसते. त्यात ३५ मिलिमीटर आणखी काढले तर राहतं ते या गावाच्या रस्त्यांना पुरणारं नाही. शिवाय मॅकफर्सनची एक मुळातली अडचण आहे. गाडी खाली आणली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा वेगाने खाली जातो. त्यामुळे कलवणारा जोर वाढतो. स्प्रिंग त्या प्रमाणात कडक असतील तरच फायदा दिसतो, आणि कडक म्हणजे पुन्हा काकूंची पाठ. बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी झाल्याने मोठ्या खड्ड्यात स्ट्रट तळाला आपटतो. हे ऐकून मुलाने स्प्रिंग स्वतःहून यादीतून खोडले.

काय केलं

पुढचे दोन्ही स्ट्रट नवे, गॅसचे, मूळ कडकपणाच्या जवळचे. त्यांच्याबरोबर माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ अडवणारे रबरी कव्हर. हे लहान भाग वाचवणारे गॅरेजवाले असतात. नव्या स्ट्रटवर जुनं माउंट बसवलं की सहा महिन्यांत खडखड परत येते आणि मजुरी दोनदा जाते. पुढचे स्प्रिंग मोजले, दोन्ही बाजू सारख्या, गंज नाही, तेच ठेवले. मागे शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही नवे, स्प्रिंग मूळ ताकदीचे. लोअर आर्म बुशसकट जोडीने बदलले. लिंक रॉड नवे. मागच्या बीमच्या बुशांवर वरवर भेगा होत्या पण रबर धातूपासून सुटलेलं नव्हतं, म्हणून त्यांना हात लावला नाही.

बुशबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण चांगले मेकॅनिकही इथे घाई करतात. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळवटतं. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराची मोकळी स्थिती ती ठरते. गाडी खाली घेतली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी चाकांवर बसवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची, आणि मग वजन चाकांवर असतानाच शेवटचं आवळायचं. काका हे बघत उभे होते. “पूर्वी कधी असं केलेलं पाहिलं नाही,” म्हणाले.

चाकांचा निर्णय शेवटी घेतला. मुलाला अलॉय हवे होतेच, आणि लाडक्या गाडीला नवं रूप द्यावंसं वाटणं यात काही वावगं नाही. तोडगा याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये निघाला: कंपनीचे १५ इंची अलॉय, तीच टायर साइज. नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून वापरलेला संच मिळाला. वापरलेला अलॉय टायर न चढवता बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहावा, काठ डुलतो का ते कळतं. आतल्या बाजूने बोट फिरवावं, वेल्डिंगची रेघ लागते का बघावं. चारांपैकी एकाला आतल्या काठाजवळ वेल्ड होता. दुकानदाराने तो काही न बोलता बदलून दिला. वेल्ड केलेला अलॉय वळणावर आणि खड्ड्यात कुठे तडकेल सांगता येत नाही. नव्या रिमना प्रयोगशाळेत वळणाच्या भाराचा थकवा, उभ्या भाराचा थकवा आणि काठावर वजन पाडून आघात अशा चाचण्यांतून जावं लागतं; आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी त्या होतात. वितळवून परत जोडलेल्या काठाला त्यांतली एकही लागू राहत नाही.

कंपनीचाच अलॉय घेण्यामागे आणखी दोन कारणं होती. या सिटीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला व्यास ५६.१ मिलिमीटर. बाजारातल्या बहुतेक अलॉयचं मधलं भोक त्याहून बरंच मोठं असतं, मधे नेमक्या मापाची रिंग नसेल तर चाक नटांवर लटकतं आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं. दुसरं कारण जास्त गंभीर. होंडाच्या नटांची बैठक गोलसर असते, बाजारी अलॉयची शंकूसारखी. मूळचे नट शंकूच्या भोकात बसल्यासारखे दिसतात, पण टेकतात ते एका बारीक कडेवर. असं चाक सैल होऊ शकतं. दुसऱ्या बनावटीचे अलॉय घेणाऱ्याने नट त्यांच्याच मापाचे मागून घ्यावेत. आम्ही १०८ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळले आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत बोलावून तपासले.

टायर १७५/६५ आर१५, भारांक ८४, म्हणजे एका टायरला ५०० किलो. चारही त्याच वर्षाचे, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेले. पाचवा टायर जुन्या लोखंडी रिमवर चढवून स्टेपनीत. काकांना तो खर्च सुरुवातीला फुकटचा वाटला, पण २०१० चा टायर रात्री खंबाटकीत लावायची वेळ आली तर काय, एवढंच विचारलं. शेवटी अलाइनमेंट. इथे पुढे फक्त टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवता येतो, कॅम्बरला (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या उभ्या कलाला) मूळ सोय नाही, पण स्ट्रट नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि त्या भोकांतल्या थोड्या सैलपणात दोन्ही बाजू सारख्या करून घेता येतात.

नंतर

बिल साठ हजारांच्या आत राहिलं. मोठे हिस्से टायर आणि पुढच्या स्ट्रटचे. अलॉय त्यांच्या मानाने स्वस्तात पडले.

खडखड पूर्ण गेली. सिंहगड रस्त्यावरच्या उड्डाणपुलाच्या सांध्यांवर पूर्वी गाडी दोनदा-तीनदा झोके घ्यायची, आता एकदा दबते आणि बसते. मुलगा पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा त्याला वळणावरचा फरक अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. स्प्रिंग मूळ ताकदीचेच, उंची तीच, तरी. मेलेला शॉकअप गाडीला कलताना अडवत नाही, ती एकदम कलते आणि मग मागे उसळते. चालवणाऱ्याला ते सगळं “मऊ सस्पेन्शन” वाटतं. काकू गावाहून आल्यावर फोनवर म्हणाल्या, “या वेळी दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आले.” पाठ बरी झाली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणणार नाही. पेव्हिंग ब्लॉकवर कमी वेगात गाडी सुरुवातीला आधीपेक्षा कडक लागली, ती तक्रार आली. नव्या शॉकअपला तेवढं असतं. सोसायटीचा गतिरोधक अजून तसाच आहे. बैठकीत विषय पुढे ढकलला गेला. पाचजण बसले की काका तो तिरका घेतात, एकेक चाक चढवत.

नूतनीकरण झालं. काही महिन्यांनी टायर पाहिले तेव्हा पुढच्या दोन्हींची झीज आत-बाहेर सारखी होती, खळगे नव्हते. मुलाला १६ इंच अजूनही आवडतं आणि तो ते लपवत नाही.

राहिलेलं काम मागच्या बीमच्या बुशांचं. ते काढायला बीम खाली घ्यावा लागतो, मजुरी मोठी, म्हणून ते फाटेपर्यंत थांबायचं ठरलं आहे. काकांना खूण सांगून ठेवली आहे: सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकल्यासारखा वाटला, किंवा लेन बदलताना गाडी अर्धा क्षण उशिरा वळतेय असं वाटलं, तर त्याच आठवड्यात घेऊन यायची.